भास्कराचार्यांच्या कवड्या आणि वर एक: २,१४,७४,८३,६४७

बालाघाट (धागाकर्ता)

आठवीला घातांक शिकवताना मी भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथातलं एक उदाहरण हमखास घेतो. एका दात्यानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट द्यायचं कबूल केलं. तर महिन्याभरात त्यानं किती निष्क दिले? ११५० सालचं गणित आहे, पण पोरं आजही तितक्याच हौसेनं त्याच्या मागं लागतात.

आमची शाळा तुळजापूर तालुक्यातली. कवडी म्हणजे काय हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. आराधी मंडळींच्या गळ्यातली माळ, परडी, पोत, मंगळवार-शुक्रवारचा जोगवा हे सगळं घरचंच. तुळजापुरातून सुट्या कवड्या आणल्या आणि व्हरांड्यातल्या फरशीवर रांगा मांडायला लावल्या. २, ४, ८, १६, ३२, ६४. सहाव्या दिवसापर्यंत मिळून १२६ झाल्या आणि सातव्या दिवशी एकट्या १२८ लागणार म्हटल्यावर पिशवी संपली. तिथंच एक मुलगी म्हणाली, "सर, आतापर्यंतच्या सगळ्या गोळा करून त्यात दोन टाकल्या की उद्याच्या होतात."

भूमिती श्रेढीचं सूत्र याच्याहून सोपं करून मला कधी सांगता आलं नसतं. तिसाव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या कवड्यांत दोन टाकल्या की एकतिसाव्या दिवसाच्या होणार, म्हणजे २ चा ३१ वा घात. (पुढं मी २^३१ असं लिहितो.) म्हणून एकूण कवड्या २^३१ वजा २, म्हणजे २,१४,७४,८३,६४६. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे शेहेचाळीस. एक कवडी एका ग्रॅमची धरली तरी दोन हजार टनांच्या वर जातं.

२० कवड्यांची काकिणी, ४ काकिण्यांचा पण, १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क, या कोष्टकानं उत्तर येतं १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. पोरांनी हा भागाकार फळ्यावर केला आणि बरोबर आला.

भास्कराचार्यांची रीत तर आणखी सुंदर आहे. तीस वेळा दुप्पट करत बसायचं नाही. गच्छ म्हणजे पदांची संख्या घ्यायची. ती सम असेल तर निम्मी करून 'वर्ग' लिहायचं, विषम असेल तर एक वजा करून 'गुणक' लिहायचं. ३० चे १५ (वर्ग), १५ चे १४ (गुणक), १४ चे ७ (वर्ग), ७ चे ६ (गुणक), ६ चे ३ (वर्ग), ३ चे २ (गुणक), २ चा १ (वर्ग), १ चं शून्य (गुणक). आता खालून वर चढायचं: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत २^३० हातात. त्यातून एक वजा करून पहिल्या पदानं, म्हणजे दोननं गुणलं की झालं. आजचे संगणकही मोठे घात असेच वर्ग करत करत काढतात.

आता ज्यासाठी धागा काढला ते सांगतो. भास्कराचार्यांच्या उत्तरात फक्त एक कवडी वाढवली की २,१४,७४,८३,६४७ मिळते, म्हणजे २^३१ वजा १. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून कुणीच तिला भागत नाही. तिच्या दोन शेजारणी बघा:

२,१४,७४,८३,६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१
२,१४,७४,८३,६४७ = मूळ
२,१४,७४,८३,६४८ = फक्त २, एकतीस वेळा

एक अलीकडं सरकलं तर संख्येचे भुगे होतात, एक पलीकडं सरकलं तर नुसते दोनच दोन, आणि मधली अभेद्य. मला या तीन ओळी बघून अजूनही हरखून जायला होतं. प्रश्न एवढाच आहे की मधली मूळ आहे हे पोरांना कसं दाखवावं? "संगणक सांगतो" हे उत्तर मला त्यांना द्यायचं नाही. कुणाकडं हातानं करण्यासारखी वाट असेल तर सांगा.

कोरडवाहू

सर, धागा फार आवडला. आधी एक सांगतो, भास्कराचार्य आमच्या बीडचे! त्यांनी आपलं गाव विज्जडविड म्हणून सांगितलंय, ते बीडच. आमच्या आजोबांपासून हेच ऐकत आलोय.

गोदाकाठची

कोरडवाहू दादा, बीड हे एक मत आहे, तसंच विजापूर आहे आणि चाळीसगावजवळचं पाटणही आहे. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं भास्कराचार्य स्वतः सांगतात, त्यामुळं पाटणचं पारडं मला जड वाटतं. शिवाय पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला.

पण त्या शिलालेखातच मराठवाड्याचा धागा आहे. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानं आपल्या दरबारात नेलं आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला तो या चांगदेवानंच. यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आपलं दौलताबाद. तेव्हा गाव कुठलंही ठरो, त्यांच्या घरातली विद्या देवगिरीच्या आश्रयानं वाढली हे पक्कं आहे.

आता गणिताकडं वळू या, नाहीतर गावावरूनच शंभर प्रतिसाद व्हायचे.

मांजराकाठ

सर मला एक इचारायचंय. दोनाची दुप्पट करत जायचं अन् त्यातून एक काढायचा, असं केलं की दर टायमाला मूळच संख्या येती का? ३, ७, ३१, १२७ हे तर सगळे मूळच दिसू लालेत.

बालाघाट (धागाकर्ता)

मांजराकाठ, तुम्ही नेमके मूळ आलेले तेवढेच उचललेत. मधले १५ आणि ६३ राहिले. घातांकच जर फुटणारा असेल तर संख्या फुटतेच. २^१५ वजा १ म्हणजे ३२,७६७. पंधराचे तीन आणि पाच असे अवयव पडतात, म्हणून तिला २^३ वजा १ (७) आणि २^५ वजा १ (३१) या दोन्हींनी भाग जातो.

घातांक मूळ असला तरी खात्री नाही. २^११ वजा १ = २,०४७ = २३ × ८९. म्हणून ३१ हा घातांक मूळ आहे एवढ्यानं काम भागत नाही, पुढं सिद्ध करावंच लागतं.

पाटीपेन्सिल

बालाघाट सर, हातानं करायची वाट आहे आणि ती ऑयलर या गणितज्ञाची आहे. नांदेडला कॉलेजात शिकवत होतो तेव्हा मी हे दर बॅचला पूर्ण करून दाखवायचो. आता निवृत्त आहे, तर इथं सविस्तर लिहितो.

२^३१ वजा १ मूळ आहे असं इटलीच्या कातालदीनं १६०३ मध्येच म्हटलं होतं. पण त्यानं त्याच दमात २३, २९ आणि ३७ हे घातांकही चालतात म्हटलं, आणि ते तिन्ही चुकीचे निघाले. पक्की सिद्धता आली १७७२ मध्ये. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या घरातला आणि जवळजवळ आंधळा. बर्नूलीला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही गोष्ट कळवली. डोळ्यांनी दिसत नसताना दहा आकडी संख्येचा निकाल लावायचा, याला काय म्हणावं!

साधी रीत अशी: संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ ४६,३४० आणि वर थोडं. तिथपर्यंत मूळ संख्या साधारण ४,८०० आहेत. एवढे भागाकार वर्गात होणार नाहीत. ऑयलरनं भागाकार करायच्या आधी विचार केला की भागणारी संख्या असलीच तर ती दिसेल कशी?

समजा q ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. मग २ चे घात एकामागून एक घेऊन q नं भागत गेलं तर ३१ व्या घाताला बाकी १ येणार आणि तिथून बाक्या पुन्हा पहिल्यापासून. कालव्याच्या पाणीपाळीसारखं समजा, ३१ दिवसांनी पाळी पुन्हा पहिल्या वावरावर येते. ३१ मूळ असल्यामुळं याहून लहान पाळी बसत नाही. दुसरीकडं फर्माचा नियम सांगतो की q वजा १ व्या घाताला बाकी १ येतेच. तेव्हा q वजा १ मध्ये ३१ च्या पाळ्या पूर्ण बसल्या पाहिजेत. शिवाय q विषम आहे. म्हणून q ही ६२ च्या पटीत एक मिळवून येणारीच संख्या.

विश्वास बसत नसेल तर २,०४७ वर करून बघा. २ च्या घातांना २३ नं भागलं तर बाक्या येतात: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्याला १. आणि २२ म्हणजे अकराची दुप्पट. ८९ सुद्धा २२ च्या चौपटीत एक मिळवून.

दुसरी गाळणी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा ६५,५३६ चा वर्ग आहे. म्हणजे एका वर्गाला q नं भागून २ ही बाकी मिळाली. असं ज्या मूळ संख्यांबाबत होतं त्यांना ८ नं भागलं की बाकी १ किंवा ७ च येते, हा ठरलेला नियम आहे. दोन्ही गाळण्या एकत्र केल्या की q ला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ यायलाच हवी.

४६,३४० पर्यंत अशा संख्या किती? २४८ च्या पटीत १ मिळवून १८६ आणि ६३ मिळवून १८७. त्यातली ६३ स्वतः मूळ नाही, राहिल्या ३७२. यातल्याही बऱ्याच मूळ नाहीत, २४९ ला तीननं भाग जातो, ४९७ ला सातनं. अशा काढून टाकल्या की शंभरसुद्धा उरत नाहीत. ४,८०० वरून शंभराच्या आत! वर्गात चाळीस पोरं असतील तर एकेकाच्या वाट्याला दोन-तीन भागाकार.

बालाघाट (धागाकर्ता)

सर, नमस्कार करतो. हेच हवं होतं. भागणारा सापडला नाही की सिद्धता पूर्ण, आणि ती पोरांनी स्वतः केलेली!

यादीतली पहिली खरी मूळ संख्या ३११. लगेच करून बघितलं:

३११ × ६९,०५,०९२ = २,१४,७४,८३,६१२, बाकी ३५.

फर्माचा नियम आठवीला सिद्ध करता येणार नाही, पण २३ च्या बाक्यांसारखी चार उदाहरणं ती स्वतः करतील. आठाचा नियम मात्र "हा पुढं कॉलेजात सिद्ध कराल" असं सांगूनच द्यावा लागेल. त्यांना ते स्पष्ट सांगणार आहे.

आसना

मी मूळची नांदेडची, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माझी या संख्येशी ओळख कामातून झाली. ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायची एक जागा) चिन्हासह पूर्णांकात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. एक बिट चिन्हाला गेला, राहिले ३१, सगळे १ ठेवले की हीच.

कित्येक जुन्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद याच खणात मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की खण भरतो. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होतो आणि जागतिक वेळेनुसार (UTC) तारीख १३ डिसेंबर १९०१ दाखवते. नवी यंत्रं ६४ बिटांवर गेलीत, पण एकदा बसवून वर्षानुवर्षं न बदललेली उपकरणं तपासावी लागणार.

पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे. संगणकावर यादृच्छिक आकडे काढायची एक गाजलेली रीत आहे. १ पासून सुरू करा, १६,८०७ नं गुणा, २,१४,७४,८३,६४७ नं भागा, बाकी हाच पुढचा आकडा. १, १६,८०७, २८,२४,७५,२४९, १,६२,२६,५०,०७३, असं चालतं. १६,८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी हिची जोरदार शिफारस केली. ही मालिका पुन्हा १ वर येण्याआधी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा बरोबर एकदा देते.

म्हणजे फेरा किती लांबीचा? नेमक्या भास्कराचार्यांच्या कवड्यांएवढा! आणि फेरा मध्येच तुटत नाही हे तपासायला बालाघाट सरांनी दिलेले अवयवच लागतात: २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. ही रीत मी अनेकदा वापरली, पण तिच्या फेऱ्याचा आकडा लीलावतीत आहे हे आज कळलं.

पेरणी

सगळं वाचलं. प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. आमच्या गावात आठवीतल्या पोराला टक्केवारी येत नाही, बँकेचं व्याज काढता येत नाही. त्याला या दहा आकडी संख्येचा काय उपयोग? शिक्षकांचा वेळ त्याच्या गरजेच्या गणितावर जायला नको का?

पाटीपेन्सिल

पेरणी, प्रश्न रास्त आहे, राग कशाचा. व्याज यायलाच हवं. पण बघा, चक्रवाढ व्याज आणि रोज दुप्पट होणाऱ्या कवड्या हे एकच गणित आहे. ज्या पोरीनं "दोन टाकल्या की उद्याच्या होतात" हे फरशीवर बघितलं, तिला सावकाराचं कर्ज कसं फुगतं ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

आणि उपयोगाचा अंदाज बांधण्यात मोठमोठे चुकलेत. ज्या संख्येच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तेवढीच येते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात: ६ = १ + २ + ३, तशीच २८. आपल्या संख्येला २^३० नं गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते: २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. पीटर बार्लो या इंग्रज गणितीनं १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, कारण या नुसत्या नवलाच्या गोष्टी, उपयोगाच्या नाहीत, मग खटपट कोण करणार?

खटपट करणारे निघाले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या ल्यूकानं २^१२७ वजा १ मूळ असल्याचं दाखवलं. १८८३ मध्ये रशियात पेरवूशिननं २^६१ वजा १. आज गिम्प्स या प्रकल्पात जगभरातले लोक आपापले संगणक जोडून हाच शोध घेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यात २^१३,६२,७९,८४१ वजा १ सापडली, तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. आज मोबाईलवरून पैसे पाठवताना जी गुप्तता पाळली जाते तीही मोठ्या मूळ संख्यांच्या गणितावर उभी आहे. आपल्या पोरांनी यातलं फक्त बटण दाबायचं शिकावं असं मला वाटत नाही.

पेरणी

सर, फरशीवरच्या कवड्या आणि कर्जाचं पटलं. आमच्या शाळेतल्या बाईंना धागा पाठवतो.

आसना

ल्यूकाचा विषय निघालाच आहे तर त्याची रीत पोरांना नक्की दाखवा, लेहमरनं ती पुढं आटोपशीर केली. ४ पासून सुरुवात. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येनं भागून बाकी घ्यायची. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्या. शेवटी शून्य आलं तर मूळ.

१२७ वर (घातांक ७, पायऱ्या ५): ४ → १४ → ६७ → ४२ → १११ → ०. शेवटची पायरी अशी: १११ चा वर्ग १२,३२१, वजा २ म्हणजे १२,३१९, आणि ते बरोबर १२७ × ९७.

आपल्या संख्येला २९ पायऱ्या लागतील, पण दहा-दहा आकडी गुणाकार आहेत. ते कागदावर नको, १२७ पुरे.

आणखी एक. ३१ स्वतः २^५ वजा १ आहे, म्हणजे आपली संख्या दुहेरी घडणीची. मग हीच संख्या घातांक म्हणून घेतली तर? २^(२,१४,७४,८३,६४७) वजा १ मध्ये ६४ कोटींच्या वर अंक येतील, आणि ती मूळ नाही हे ठाऊक आहे. २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ नं तिला भाग जातो. पाटीपेन्सिल सरांची पहिली गाळणी इथंही लागू पडते: या विभाजकातून एक वजा केला तर तो आपल्या संख्येच्या दुपटीच्या बरोबर ६८,७४५ पट आहे. मी आत्ता ताडून बघितलं.

मांजराकाठ

सर, पोरायला भागाकार वाटून देताना ताळा करायला लावा. आमचे वडील आडतीवर हिशेब लिहायचे, ते नऊचा ताळा केल्याबिगर पान उलटत नव्हते. तुमचा ३११ चा मी करून बघितला. २१४७४८३६४७ चे अंक मिळवले तर ४६, मग १०, मग १. इकडं ३११ चे ५. ६९०५०९२ चे ३१, मग ४. पाच चोक वीस, म्हणजे २. बाकी ३५ चे ८. दोन अन् आठ दहा, म्हणजे १. जुळलं!

बालाघाट (धागाकर्ता)

हा ताळा प्रत्येकाच्या वहीत राहील. यादीचं काम आज सुरू केलं. ३११ नंतर १,३०३, १,४८९, २,५४३, २,७२९ आणि २,७९१. मध्ये २,०४७ ही आली होती, तीच आपली २३ × ८९ वाली, म्हणून गळाली. १,३०३ नं भागून बाकी २२६, १,४८९ नं १९९, दोन्हींचा ताळा जुळतो. उरलेले पोरांसाठी ठेवलेत. होतील तशा बाक्या इथंच लिहीत जाईन, कुणी पडताळून बघितल्या तर बरं होईल.

पाटीपेन्सिल

मी बघतो. आधी सगळी यादी टाका, एखादी मूळ संख्या सुटली तर सिद्धता अपुरी राहील.